नांदेड पाठ असलेले भुजंगकाका

आमच्या निलंग्यात "मला नांदेड पाठ आहे" असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस आहे, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी भुजंगकाका. खरं तर त्यांना पाठ होतं ते नांदेडचं बसस्टँड. मुक्कामाची गाडी लावायची, तिथल्याच खोलीत झोपायचं आणि पहाटे परत फिरायचं. गोदावरीसुद्धा त्यांनी पुलावरूनच पाहिलेली, तीही नजर रस्त्यावर ठेवून.

त्यांची मुलगी वर्षाराणी लातूरला नर्स आहे. "आता तरी आईला कुठं हिंडवून आणा," म्हणून तिनं पिच्छा पुरवला, तेव्हा काकांनी अख्ख्या भारतातून नांदेडच निवडलं. रस्ता माहितीचा होता, म्हणे.

पहिल्या दिवशी त्यांनी सिंधुकाकूंना स्टँड दाखवलं, मग डेपो. दुसऱ्या दिवशी किल्ला. तटाकडे बघून काका म्हणाले, "गाडी वळवायला जागा न्हाई." झाला किल्ला बघून. ही सगळी हकिकत मला काकूंनी सांगितली. काकांना विचाराल तर "गेलो, आलो, लई गर्दी हुती" यापुढे गाडी जात नाही.

मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात होता आणि जेवण लंगरमध्ये. घोडं अडलं ते तिथं. आयुष्यभर धाब्यावरच्या थांब्यात जेवलेला माणूस. घास चावणं ही प्रवाशांची चैन आहे, असं त्यांचं मत. घरी काकू वाढायच्या आणि ते हात धुऊन उठले की स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. नवऱ्याचं झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, ही सासूबाईंनी लावून दिलेली रीत. सासूबाई गेल्या, रीत राहिली.

लंगरमध्ये दोघं एकाच पंगतीत शेजारी बसले. वाढणारा आला की काकू ताटावर हात आडवा धरायच्या, "आधी यांचं होऊ द्या." यांचं लगेच व्हायचं. हे उठले की काकूही उठायच्या आणि खोलीवर जाऊन बिस्किटं खायच्या. असे दोन दिवस गेले. खोटं कशाला बोलू, ऐकून मला काकांचा संताप आला. शेजारी बसलेली बायको उपाशी उठतेय आणि ह्यांना पत्ता नाही.

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी होती. ड्रायव्हरच्या मागची सीट पाहिजे म्हणून काका सकाळपासूनच पिशवी भरून बसले होते. जाता जाता जेवून घेऊ म्हणून दोघं लंगरच्या दारात आले, तेव्हा काकू म्हणाल्या, "अवो, एक सांगू का?"

"गाडीत सांग."

"गाडीत न्हाई. दोन दिस मी हितं उपाशी उठून राहिले. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी बसवून गरम वाढाय लागलंय. आज पोटभर जेवू द्या."

"मग जेव की. कुणी धरलंय?"

"तुम्ही उठला की मला उठावं लागतंय."

काकांनी घड्याळ बघितलं. गाडी कुणासाठी थांबत नसते, हे त्यांनी जन्मभर प्रवाशांना ऐकवलेलं. ते आत जाऊन बसले, अर्धी पोळी भराभर खाल्ली आणि म्हणाले, "झालं माझं. आता तू सुरू कर."

पण उठले नाहीत.

लंगरच्या रीतीप्रमाणे काकूंनी दोन्ही हात पुढं केले. तळव्यांवर वाफाळती पोळी पडली आणि त्यांना रडूच आलं. काका उरलेल्या पोळीचे बारीक तुकडे करत बसले. कुणी वाढायला आलं की म्हणायचे, "हाय हाय, चालू हाय." दुसरं काही कामच नव्हतं, म्हणून त्यांनी बाजूला बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. काकूंनी सगळ्यात आधी खीर संपवली.

"तुला खीर आवडती?"

"हाव."

"मग घरी का खात न्हाईस?"

"उरली तर ना. तुम्ही दोनदा मागून घेता."

काकांनी हातातला तुकडा ताटात टाकला. तिकडं निलंग्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. मग स्टँडवर प्रवाशांना हाक मारायचे, तशीच आरोळी त्यांनी पंगतीच्या पार टोकाला ठोकली, "ओ सरदारजी! खीर! इकडं, हिला!"

सगळी पंगत वळून बघायला लागली. काकूंना लाजून मेल्यासारखं झालं. पण वाढणारा आला, तेव्हा त्यांनी ताटावर हात धरला नाही.