आहेराचं फडकं

लग्नाचा आहेर चकचकीत कागदात द्यायची फॅशन घाटंजीत आली आणि हंसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मांडव उठला की तो कागद गावभर उडत राहायचा, गाई चघळत बसायच्या. शिवणयंत्र घरचंच होतं. तिने जुन्या लुगड्यांची चौकोनी फडकी शिवली आणि आहेर त्यात बांधून द्यायला लागली. सोबत तिचा नियम: फडकं ठेवून घ्यायचं नाही, पुढच्या लग्नाचा आहेर त्यातच बांधायचा, आणि तिला परत करायचं झालंच तर रिकामं करायचं नाही. बाया आधी हसल्या. मग हसणाऱ्याच मागायला आल्या, जगाची रीतच आहे ती.

पण एक फडकं तिने कोणालाही न सांगता तयार केलं होतं. ते तिच्या सलोनीच्या हिरव्या ओढणीचं होतं.

एकुलती एक सलोनी, तिला स्थळं पाहत असतानाच तापाने गेली. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, म्हणून सगळे देऊन टाकले; ही ओढणी तेवढी हंसाबाईने पिठाच्या डब्यामागे लपवली. पुढे सलोनीची जिवाभावाची मैत्रीण समीक्षा हिचं लग्न निघालं, तेव्हा तिचा आहेर त्याच ओढणीत बांधला. तेवढीच आपली पोर मांडवात जाईल, असं त्या वेड्या मनाला वाटलं. मेलेल्या पोरीचं कापड लग्नघरी नेऊ नये, हे काय तिला कळत नव्हतं?

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. जिथे लग्न असेल तिथे ती आहेराच्या ढिगात हिरवा रंग शोधायची. बाकीची फडकी या घरातून त्या घरात फिरत होती, ते मात्र कुठेच दिसेना. जेवणाच्या पंगतीत पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहिलं की कोणी नसायचं, आणि ती अर्ध्या पानावरून उठायची.

अशात कळलं, समीक्षा माहेरी आली आहे आणि तापाने फणफणली आहे. सलोनीही तापानेच गेली होती. आपणच धाडलं ते, आपल्या हाताने. ती चपला अडकवून तशीच निघाली.

दारात समीक्षाची आई विमलताई म्हणाली, "बरं झालं आली, हंसा. कालच ताप उतरला. तुह्यीच आठवण काढून राह्यली होती पोरगी."

आत समीक्षा खाटेवर पडली होती. उशाशी हिरवी ओढणी होती.

"दे ते इकडं, पोरी," हंसाबाई हात पुढे करत म्हणाली. "मी चुकली. तिचं कापड तुह्या लग्नात पाठवाले नाही पाहिजे होतं."

"मले माईत होतं, काकू. गाठ सोडतानाच ओळखली. म्हणून तं पुढं नाही देल्ली." समीक्षा हळूच उठली, पेटीतून काहीतरी काढून ओढणीत बांधू लागली. "आता तुम्ही नेऊन राह्यल्या, तं रिकामी कशी देऊ?"

हिरव्या बांगड्या होत्या.

"लग्नाचा चुडा भरला तवाच तिच्या नावाच्या काढून ठेवल्या होत्या. आमचं माप एकच होतं."

हंसाबाईने गाठोडं छातीशी धरलं. रडू आलं ते तिने तिथेच रडून घेतलं आणि मग घराकडे निघाली. पावलागणिक बांगड्या किणकिणत होत्या, मागून कोणी चालत यावं तशा. या वेळी तिने वळून पाहिलं नाही. घराच्या वळणावर फक्त ती जरा हळू झाली, कोणी मागे राहू नये म्हणून.