मधे पोट असलेलं लाटणं

जुन्नरच्या अन्सारभाईंचा उजवा हात दिवाळीच्या सुमारास लकव्यानं गेला आणि दुकानातल्या लाकूड कातायच्या मशीनवर गोणपाट पडलं. तीस वर्षं त्या मशीननं रव्या, भोवरे, लाटणी, पाळण्याचे खांब काढले होते. आता अन्सार पलीकडच्या खाटेवर पडून त्या गोणपाटाकडे बघत बसायचा.

एक दिवस तो बायकोला, इशरतला म्हणाला, "मंचरचा एकजण मशीन मागतोय. पुढल्या महिन्यात येऊन उचलंल. घरात मढं झाकून ठेवल्यागत वाटतंय मला."

"मी चालवते की," इशरत पीठ चाळता चाळता बोलून गेली.

अन्सार कितीतरी दिवसांनी हसला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, पण हसला. "तू? बरं, चालव. तवर एक लाटणं काढून दाखव. मी वर पट्टी ठेवणार. पट्टीखालून उजेड दिसला, की मशीन गेलं."

"आणि न्हाई दिसला तर?"

"तर मशीन तुझं."

नवऱ्यानं शिकवलं असतं तर बरं होतं. पण तो दोन वाक्यांतच चिडायचा. जे हातानं दाखवायचं, ते त्याला तोंडानं सांगता येईना. मग इशरतनं एसटी धरली आणि ओतूर गाठलं. तिथं धर्माजी होते. जत्रेत अन्सारच्या समोरच दुकान लावायचे आणि त्याची गिऱ्हाइकं हाका मारून ओढायचे, तेच. सत्तरीचे, अंगावर भुसा, कानावर पेन्सिल.

तिनं सगळं सांगितलं. फीचंही विचारलं.

"फी?" धर्माजी केवढ्यानं ओरडले. "भाभी, मी काय क्लास काढलाय? तिकडं उभ्या ऱ्हावा. चष्मा हाय का? न्हाई? मंग हा घ्या माजा."

पाळण्याची ऑर्डर बाजूला सारून त्यांनी बाभळीचा ठोकळा मशीनला लावला. एकदा कातून दाखवला. मग पटाशी तिच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. "माजं हात लई वंगाळ, मधी मधी करत्यात. म्हनून बांधलं. चालू द्या."

तिनं पटाशीची धारच सरळ लाकडात घातली. ठोकळा खाडकन उडून पत्र्यावर आदळला. इशरत दाराबाहेर.

"या, या. मशीन काय मागं येत न्हाई," धर्माजी म्हणाले. "आधी पटाशीची पाठ लाकडावर टेकवा. मंग मूठ हळूच उचला. धार आपसूक लागंल. मांजराला उचलून खाली ठिवतो न्हाई का, तसं."

सहा खेपांत धर्माजींचे अकरा ठोकळे सरपणात गेले. ते प्रत्येक वेळी नवा लावत. धार लावायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तिला अवसरी बुद्रुकला सावळेराम काताऱ्याकडे पाठवलं. "धारंत माज्यापरीस त्येचा हात बरा. पर बाकीचं त्येचं काय ऐकू नका."

सावळेराम दिवसभर तिला धार लावायला शिकवत बसला. जाताना चांगली पटाशी फडक्यात गुंडाळून दिली. "धर्माजीनं हातानं कातायला शिकवलं आसंल. इसरा ते. मूठ कमरंला लावा आन पायावर डुला. आन म्हाताऱ्याला सांगा, अजून जित्ता हाय मी."

इशरतनं दोघांचंही घेतलं. मूठ कमरेला, पाठ लाकडाला.

शेवटच्या खेपेला लाटणं जमलं. गुळगुळीत, दोन्ही मुठी सारख्या. धर्माजींनी ते डोळ्यासमोर धरलं. "भाभी, मधी पोट ऱ्हायलंय. काढा तेवढं."

"राहिलं न्हाई, ठेवलंय."

"आं?"

"सरळ लाटण्यानं चपाती दर येळंला उचलून फिरवावी लागती. पोट असलं की लाटता लाटता ती आपली फिरती."

धर्माजींनी लाटणं हातात फिरवलं. दाढी खाजवली. "पन्नास वर्सं लाटणी काततोय. कुनी बाई हे बोलली न्हाई, आन मी तरी कवा चपाती लाटलीय? पर अन्सारभाई पट्टी ठिवनार हायत."

"ठिवू द्या."

"सरळ एक काढून दाखवा. मशीन तरी ऱ्हाईल. मंग करा तुमच्या मनाचं."

इशरतनं मशीनवरचा भुसा झाडला. मग तेच लाटणं पिशवीत टाकून तिनं एसटी धरली.

घरी अन्सारनं डाव्या हातानं पट्टी ठेवली. दोन्ही टोकांना उजेडाच्या चिरा. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. "फेल," म्हणाला. आणि आवाज असा पडला, की त्याला स्वतःलाच ती पास व्हायला हवी होती हे कळत होतं.

इशरतनं पोळपाट आणला, त्याच्या पुढ्यात ठेवला, वर पिठाचा गोळा ठेवला.

"आता हे काय?"

"लाटा."

"एका हातानं?"

"तेवढाच हाय न्हवं? लाटा."

चिडून त्यानं डावा तळवा लाटण्यावर दाबला आणि ढकललं. गोळा चपटा झाला. अजून ढकललं. चपाती जराशी वळली. तो थांबला. पुन्हा ढकललं, ती पुन्हा वळली. कुणीही हात न लावता. तो लाटत राहिला. कडा फाटल्या, नकाशा झाला, तरी लाटत राहिला.

"घरात माझी एवढी लाटणी," शेवटी तो म्हणाला, "आन तू तीस वर्षं माहेरचं ते काळं दांडकं वापरतीस. ते ह्या पोटापायी?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तुमी कधी इचारलंत?"

तेवढ्यात खाटेवरचा फोन वाजला. मंचरचा माणूस. इशरतनं पिठाच्या हातानं फोन उचलून त्याच्यापुढं धरला. अन्सारनं लाटणं सोडलं नाही.

"तूच बोल," तो म्हणाला. "सांग त्याला, मशीन रिकामं न्हाई."