इजिप्तची माणसं

सिंगापुरात असताना दर शनिवारी दुपारी मी टॅम्पिनीसहून मरीन परेडला एका इंग्रज बाईंना वाचून दाखवायला जायचे. निवृत्त शिक्षिका, ऐंशी ओलांडलेल्या, डोळे जवळजवळ गेलेले. मुलगा सतत दौऱ्यावर. पडदे कायम ओढलेले, त्यामुळे भर दुपारीही हॉलमध्ये अंधूक असायचं.

त्या दिवशी इंग्लंडच्या जुन्या कायद्यांवरचं पुस्तक होतं. एका कलमात लिहिलं होतं, 'इजिप्शियन' लोकांनी मुदतीत देश सोडावा. पुढच्या कायद्यात, न सोडल्यास फाशी.

"इंग्लंडात इतके इजिप्तचे लोक कुठून आले?" मी विचारलं.

"इजिप्तचे नव्हतेच ते," बाई म्हणाल्या. "सावळे, भटके, वेगळं बोलणारे. लोकांना वाटलं, इजिप्तहून आले असतील. तेच नाव पडलं. झिजत झिजत त्याचं जिप्सी झालं. आता त्या अर्थानं इजिप्शियन कुणी म्हणत नाही."

"आणि ते स्वतःला काय म्हणायचे?"

बाईंनी बोट नाकावर ठेवलं. "नाक," त्या म्हणाल्या. बोट कानावर गेलं. "कान." मग दातांवर. "दंद."

आवाजही त्यांचा वाटेना. बारीक, लहान मुलीचा.

"येक, दुई, त्रिन, श्तार, पांज..."

"मराठी कुठे शिकलात?" मी विचारलं.

"ही तुझी भाषा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीची आहे. शाळेत बोलले की मार बसायचा. मुलाला माहीत नाही. सांगू नकोस."

पुढच्या शनिवारी ते पुस्तक शेल्फवर नव्हतं. मी आकड्यांचा विषय काढला.

"कसले आकडे?" बाईंनी शांतपणे विचारलं. "पेपर वाच."

मी वाचला. नंतर कितीतरी शनिवार फक्त पेपरच वाचला. मला भास झाला होता की काय, अशीही शंका यायला लागली.

मुलानं त्यांना इंग्लंडला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. बाईंनी माझा हात धरून ठेवला.

"तुझी माणसं तिथेच, भारतातच राहिली ना, पहिल्यापासून?"

"हो."

"आम्ही तिथून निघालो," त्या म्हणाल्या. "का, ते आता कुणालाच आठवत नाही."

लिफ्ट येईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या, चेहरा माझ्याकडे, नजर भलतीकडेच.