सत्त्याऐंशी नंबरचा संदर्भ

एकतीस तारखेला माझे गाइड निवृत्त होणार होते. संध्याकाळी सहाच्या आत त्यांनी माझा पीएचडीचा प्रबंध ऑनलाइन मंजूर केला नाही, तर नवा गाइड शोधा आणि सात वर्षांचं गुऱ्हाळ पुन्हा लावा! वाशीमच्या कॉलेजात शिकवून, घर सांभाळून केलेलं काम ते. आणि सर अडून बसले कशावर? तर संदर्भसूचीतल्या लिंका बोटानं दाबल्या की उघडल्या पाहिजेत.

"सत्त्याऐंशी नंबरचं उघडून नाही राह्यलं, बाई." रोज हाच फोन.

सत्त्याऐंशी म्हणजे सरांचाच जुना पेपर, तुरीच्या मुळांवरचा. दीडशे संदर्भ आहेत, दिसतो तो स्वतःचाच! मी नुसती दातओठ खायची.

प्रबंध लेटेकमध्ये होता, म्हणजे सगळं आज्ञा देऊन लिहायचं. लिंका जिवंत करणारं हायपररेफ त्यात घातलं. अक्षरं निळी झाली, पण दाबलं की 'पान सापडलं नाही'. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, डीओआयच्या, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाच्या रकान्यात नुसता क्रमांक हवा होता. मी शहाणीनं अख्खा वेबपत्ता चिकटवलेला. लेटेक त्याच्या आधी तोच पत्ता पुन्हा जोडत होतं. दीडशे ठिकाणी हातानं खोडलं, तेव्हा कुठं उघडलं मेलं!

एकतीसला दुपारी सहीशिक्क्याचं पान घेऊन बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या चाचांकडे गेले. म्हटलं, "चाचा, हे पान फाइलीत टाकून द्या." चाचांनी पेनड्राइव्हवरचा अख्खा प्रबंध छापला, त्यात ते पान घातलं आणि सगळा गठ्ठा स्कॅन करून दिला. "मॅडम, एकदम क्लियर!" मीही न बघता सरांना पाठवला.

शेजारच्या टपरीवर चहा होईतो सरांचा फोन. "एक बी उघडून नाही राह्यलं."

स्कॅन म्हणजे नुसते फोटो, उघडणार काय कपाळ! माझा तोल गेला. "सर, तुमचा पेपर तुमच्यापाशी असेलच ना? मग कायले जीव घेता माझा?"

सर म्हणाले, "मायी प्रत वाळवीनं खाल्ली, बाई. मले ते नेटवर धुंडता येत नाही. तुमच्या यादीतून दिसन, असं वाटलं."

चाचांच्याच कॉम्प्युटरवर मी मूळ फाइलीत ते एक पान जोडलं आणि पुन्हा पाठवली. तीन वाजले होते. चार झाले, पाच झाले, मंजुरी नाही. फोन उचलत नाहीत. मी दुकानातल्या स्टुलावर नखं खात बसलेली.

मंजुरी आली सहाला दहा कमी असताना. फोन करून जवळजवळ ओरडलेच, "एवढा वेळ काय करत होतात, सर?"

"सत्त्याऐंशी नंबरचं वाचून राह्यलो होतो," सर म्हणाले.