म्हावरं कधी बंद करायचं

आमच्या उत्तनमध्ये डुक्कर पाळायला फार अक्कल लागत नाही. भाताची पेज, कोंडा, आणि बंदरावरून आणलेली माशांची घाण. मुंडकी, आतडी, फुटकी मांदेली. म्हावऱ्यावर डुक्कर झपाट्यानं वाढतं. विकतच्या खुराकानंही तसं वाढत नाही.

फक्त नाताळच्या महिनाभर आधी म्हावरं बंद करायचं. नाहीतर चरबीला माशाचा वास लागतो. ते बायको बघायची. एक दिवस सकाळी माझ्या हातातली बादली काढून घ्यायची. "आजपासून पेज," एवढंच. मला राग यायचा. हिला सगळ्यात तोंड घालायची सवय, वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. घरात मी, आणि मागच्या खोपटात एक डुकरीण आणि तिचं एक वाढवलेलं पिल्लू, नाताळला कापायचं.

मुलगा शहरात, हाटकेशला फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, "पप्पा, आता डुकरं बस झाली. माझ्याकडे या."

मी म्हटलं, "नाताळ होऊ दे. मटण चांगलं निघालं, गिऱ्हाईक टिकलं, तर मी इथंच. नाहीतर खोपट मोडून येतो."

मला जायचं नव्हतं. तिथं दिवसभर काय करू, लिफ्ट वर-खाली होताना बघू? म्हणून डुकराला म्हावरं जास्तच घातलं. बादली काढून घ्यायला कोणी आलं नाही. डुक्कर असलं झालं की लोक बघायला यायचे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण टोप घेऊन दारात. बायकोची जुनी मैत्रीण.

"काय भावोजी, डुक्कर कापलंत का बोंबील? पाव्हणे हसले मला."

मी टोपात नाक घातलं. बोंबीलच.

"मला कोणी सांगितलं न्हाय," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? मी काय तुमची बायको हाय?"

टोप ओट्यावर ठेवून गेली. ते मटण मी एकट्यानं संपवलं. टाकवेना.

ईस्टरला मटण सांगायला एकही माणूस आला नाही. मुलाला फोन करून तसं सांगितलं. "मग कधी येताय?" म्हणाला.

आता खोपटाचे पत्रे काढतोय. डुकरीण परवा शेजारच्या गावच्या एका माणसाला दिली. त्याला विचारलं, "घरात बायको हाय ना?"

तो हसला. "हाय की. का?"

मी दोर त्याच्या हातात दिला.