धरणावरची हाक

आज कपडे धुवायच्या साबणाची वडी फोडली आणि त्या वासासरशी नवापूरजवळची आमची नदी आठवली. बाबा वरच्या धरणावर दरवाजे सांभाळायचे. पुराला जागा ठेवायची म्हणून पाणी सोडायचे, पण आधी भोंगा वाजवून बराच वेळ थांबायचे.

एकदा मी आईबरोबर नदीवर धुणं धुवायला गेले, त्या दिवशी लख्ख ऊन होतं; पाऊस दूर डोंगरात पडला होता. भोंगा वाजताच आईने नवी साडी पिळायची सोडून खडकावरच टाकली.

"चाल वर, तुन्हा बाप हाक मारी ऱ्हायना."

भोंगा म्हणजे बाबांची हाकच, म्हणून आम्ही वर चढलो. काठावरून पाहिलं, तर गढूळ पाणी सावकाश आलं आणि साडी अलगद घेऊन गेलं. मी साडीसाठी रडले.

आता वेगळंच आठवतं. घरात बाबांनी कितीही हाका मारल्या तरी "हातातलं काम होऊ द्या" म्हणणारी आई त्या एका हाकेला लगेच उठली होती.