काळं पाणी आणि आमच्या काकी

"बघू, काय लपवलंयस आज?"

असं म्हणत काकी आमच्या घरात शिरायच्या त्या थेट फ्रिजपाशी. बेल नाही, 'येऊ का' नाही. एका हाताने फ्रिजचं दार धरायच्या, दुसऱ्या हाताने भाजीच्या पिशव्या बाजूला सारायच्या आणि मागे कुठे कोल्ड्रिंकची बाटली सापडली की तिची मान धरून बाहेर ओढायच्या. "मेलं काळं पाणी!" की झाली बाटली बेसिनमध्ये पालथी. आतलं पेय पिवळं असो, नारंगी असो, काकींच्या लेखी ते काळंच. मी उभी राहून बघायची. घर माझं, फ्रिज माझा, बाटली मी आणलेली, आणि मी आपली बघतेय! तुमच्याही मजल्यावर असं कुणी असेल तर मला जरूर सांगा, आपण एकमेकींना धीर देऊ.

आमची चाळ लालबागची. तिचा टॉवर झाला तेव्हा सगळे हळहळले, आता दारं बंद होणार, शेजार तुटणार. मी मनात म्हटलं, देवा, थोडासा तुटू दे रे. पण घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि काकींचं दार नेमकं आमच्या समोर आलं.

हे नुसतं वेड नव्हतं, तेही सांगते, नाहीतर मला दुष्ट म्हणाल. काकांनी जन्मभर बस चालवली. इंजिनाची धग गुडघ्यांवर घ्यायची आणि फेरी संपली की एक गार बाटली घशाखाली घालायची, असा त्यांचा शिरस्ता. निवृत्त झाले, धग गेली, बाटली मात्र राहिली. मग साखर वाढली. पायाला जखम झाली, ती चिघळली आणि डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी काकींना बाजूला घेऊन सांगितलं की हे पिणं थांबलं नाही तर पुढच्या खेपेला पाय जाईल.

"अंगठा दिला गो. पाय नाय देणार," काकी मला म्हणाल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. पदर खोचला आणि स्वतःच्या घरातली होती नव्हती ती बाटली ओतून टाकली.

पण काका काय कमी होते का? आपल्याकडे पाहुणा आला की आधी कुणीतरी थंडा आणायला खाली पळतं. मजल्यावर कुणाकडे पाहुणे आलेत हे काकांना घरबसल्या कळायचं. हातात पेपर घेऊन, "आजची बातमी वाचलीत का?" असं विचारत ते बरोबर ग्लास भरायच्या वेळेला दारात हजर. आता दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोडून बाकीच्यांना ग्लास द्यायचे, हे कुणाला जमणार? काकींनी नंतर विचारलं की आम्ही सांगायचो, नुसतं पाणी प्यायले हो. काकी काकांच्या मिशीचा वास घ्यायच्या. मग आमच्याकडे अशा बघायच्या की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तुम्ही ठेवता म्हणून ते पितात," त्यांनी एक दिवस जिन्यात उभं राहून सगळ्यांना सुनावलं. "आजपासून ह्या मजल्यावर काळं पाणी येणार नाय. काय पाजायचं ते मी बघते." तेव्हापासून आमच्या मागे हे शुक्लकाष्ठ लागलं.

माझ्या लेकीचा वाढदिवस. शाळेतल्या मैत्रिणी आलेल्या, केक कापून झालेला, आणि काकी आत येऊन टेबलावरच्या बाटल्या उचलायला लागल्या.

"काकी, मुलांचा वाढदिवस आहे हो!" मी जवळजवळ हात जोडले.

"म्हणून काय विष पाजतेस?"

मागोमाग कोकमाचं पातेलं आलं. त्यात साखर नाही. मीठही नाही, कारण काकांना बीपी. काकांना जे चालत नाही ते कुणालाच नाही, असा सरळ हिशेब. एका मुलीने घोट घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आंटी, हे औषध आहे का?" लेकीने माझ्याशी अबोला धरला. काकींशी नाही, माझ्याशी!

कोकमाचं पाणी, कैरीचं पाणी, आवळ्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी. गूळ पडला असता तर त्याचं पन्हं झालं असतं, साखर पडली असती तर सरबत. पण दोन्ही हद्दपार, त्यामुळे सगळ्याचं शेवटी पाणीच व्हायचं. ताक तेवढं छान करायच्या, खोटं कशाला बोलू. आलं, कोथिंबीर, वरून जिरेपूड. बाकी सगळं नाक दाबून प्यायचं. काकी किटली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या की माझा नवरा गुडघे दुखत असूनही जिन्याने जायचा. एकदा जिन्यातही त्यांनी गाठलं. घरी आला तो तोंड वेडंवाकडं करतच आला. "आवळा होता," एवढंच म्हणाला आणि जाऊन गुळण्या केल्या.

मंडळाच्या पूजेला तर कहर झाला. काकींनी कार्यकर्त्यांच्या डोक्यावर बसून कोल्ड्रिंक रद्द करवलं आणि गावाहून मागवलेलं कोकमाचं आगळ त्यांच्या ताब्यात दिलं. आगळ म्हणजे कोकमाचा निव्वळ रस, टिकावा म्हणून मिठात मुरवलेला. चमचा-दोन चमचे पाण्यात घालायचं असतं. आमची पोरं नावाला कोकणातली, जन्म परळच्या हॉस्पिटलात. त्यांनी ते तसंच्या तसं ग्लासांत ओतलं आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना दिलं. एक माजी नगरसेवक भाषणाला उभे राहिले होते, ते घोट घेऊन खालीच बसले. सगळे पाणी पाणी करत धावले. काकी कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "आगळ वळखूक येत नाय मेल्यांका! कोकणातले म्हणे!" आपली काही चूक झाली असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

इकडे काका समोर ठेवलेलं प्यायचे, ग्लास पालथा घालायचे आणि खिडकीतून खालच्या दुकानाकडे बघत बसायचे. मला दोघांचाही वैताग आला होता. एक दिवस मी बोलून गेले, "काकी, अहो, त्यांना काय हवंय ते एकदा त्यांना विचारा तरी!"

काकींनी तिथल्या तिथे विचारलं. काका म्हणाले, "गोडाचं काय नाय गो. ती चरचर असते ना, घशातून नाकात जाते, ती. ती आली की वाटायचं, चला, फेरी संपली."

इतक्या वर्षांच्या संसारात हे काकींनी पहिल्यांदा ऐकलं असावं. मला वाटलं, आता तरी बाई शांत होईल. कसली शांत! दुसऱ्या दिवसापासून त्या घरच्या घरी चरचर बनवायच्या मागे लागल्या.

"साधा सोडा आणा आणि कोकमात घाला, झालं," मी म्हटलं.

"सोड्यात खार असतो. आणि बाजारचं ते बाजारचं."

मग नाचणीची पातळ आंबील करायची, आलं ठेचून टाकायचं, कोकम टाकायचं आणि बाटली गच्च बंद करून उबेला ठेवायची. आंबलं की आपसूक फसफसतं, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. त्यांच्या घरात ऊन येत नव्हतं, आमच्या ओट्यावर यायचं. "तुझ्याकडे ऊन छान पडतं गो," असं गोड बोलून त्यांनी माझा अर्धा ओटा बळकावला. मला पोळ्या लाटायला जागा उरली नाही. रोज येऊन बाटल्या कानाशी धरायच्या, हलवायच्या, "अजून गप्प आहे" म्हणायच्या आणि जायच्या.

मे महिन्यातली दुपार. सुट्टी होती म्हणून मी जरा आडवी झाले होते. स्वयंपाकघरात धडाम झालं. धावत जाऊन बघते तर आंबील छतावर, आंबील भिंतीवर, नुकत्याच भरलेल्या कैऱ्यांच्या बरणीवर आंबील, आणि कोकमाची सालं पंख्यावरून टपटप पडतायत. माझा संयम संपला. तशीच समोर गेले आणि दार बडवलं. "काकी, बाटली फुटली तुमची! घराची वाट लागलीय माझ्या!"

काकींच्या तोंडावर असा आनंद पसरला की मी पुढचं बोलायचं विसरले.

"फुटली?" त्या म्हणाल्या. "खरंच फुटली? अहो, ऐकलंत का, जमलं!"

आणि मला दारात सोडून काकांना सांगायला आत पळाल्या. काय म्हणावं या बाईला! संध्याकाळी येऊन छत पुसलं मात्र त्यांनीच, स्टुलावर चढून, माझं न ऐकता.

पुढची बाटली जरा लवकर उघडली. काकांच्या हातात ग्लास दिला आणि समोर स्टूल घेऊन बसल्या. मीही होते. काका प्यायले. नाक आक्रसलं, डोळे मिटले आणि एक दणदणीत ढेकर दिला. "हां," ते म्हणाले. एवढंच. काकींनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही दहावीचा निकाल लागलाय. त्यानंतर काकांचं पेपर घेऊन फिरणं कमी कमी होत थांबलं. साखर खाली आली. जखम भरली. सकाळी काठी न घेता ते खाली जाऊन मासे आणायला लागले आणि काकी गॅलरीत उभ्या राहून त्यांच्या पावलांकडे बघत राहायच्या. पाय राहिला.

एका सकाळी काका बोंबील घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. हृदयविकार. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काकी त्यांच्या पायांशी बसल्या होत्या. मी जवळ गेले तर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मी पाय बघत बसले गो. छातीकडे बघूकच नाय." मी नुसती रडत राहिले.

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. बायकांनी यायचं नाही म्हणून नातेवाईक कुरकुरले, काकींनी ऐकलं नाही. काकांच्या पुतण्याने पिंड मांडला. शेजारी वडे, भजी, भात आणि काकांची तंबाखूची डबी. कावळे समोरच्या कठड्यावर रांगेत बसलेले, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही तर माणसाची काही इच्छा मागे राहिली असं आपण मानतो. पुतण्या हात जोडून सांगत होता, काकीला आम्ही सांभाळू, गावचं घर बघू, काळजी करू नका. कावळे ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ.

इच्छा काय राहिली होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी पुतण्याच म्हणाला, "काकी, एक बाटली आणू का?"

"नाय," काकी म्हणाल्या.

"काकी, आता तरी..."

"नाय म्हटलं ना! त्यांच्या पायाला..." आणि थांबल्या.

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. अहो, आता कसला पाय! तो माणूस गेला, तुमचा हट्ट काही जात नाही! मी हे सगळं मनातच बोलले. काकी पिंडाकडे बघत होत्या. मग पदराने तोंड पुसलं आणि पुतण्याला म्हणाल्या, "आण."

तो निघाला तशी मागून हाक मारली. "लहान आण हं. मोठी नको."

त्याने आणलेली बाटली त्यांनी कुणाला उघडू दिली नाही. स्वतः उघडली. द्रोणात ओतताना मध्येच हात आवरला, द्रोण अर्धाच भरला. फेस वर आला आणि हळूहळू बसला. कठड्यावरून एक कावळा उतरला, मागोमाग दुसरा. "शिवला, शिवला," लोक म्हणाले आणि सगळ्यांनी हात जोडले. काकींनी वर बघितलंही नाही. उरलेल्या बाटलीला त्या घट्ट झाकण लावत होत्या.